‘सरत्यामागची बाई’ या संग्रहाचे हक्क आणि इतर किरकोळ मिळकत

मी, जगदेव किसन अवचार, वय शहात्तर, निवृत्त शिक्षक (विषय मराठी), राहणार शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, आज हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी जागेवर आहे. गुडघे गेले, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, पण आठवीच्या जुन्या पुस्तकातल्या कविता अजून चालीसकट पाठ आहेत, यावरून वाचणाऱ्याने काय ते समजावे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतके माझ्याकडे कोणाचे लक्षच नाही. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रे मी रद्द करत आहे. त्यांत व्यवस्थापक म्हणून ज्यांची नावे होती, ती का काढली हे पुढे येईलच.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात घराला जागा होती, शेताला होती, दागिन्यांना तर अर्धे पान होते. कवितेला जागा नव्हती. म्हणून नमुना परत केला.

१. घर. दोन खोल्या, ओसरी, न्हाणीघर आणि मागचे सीताफळ, हे सर्व माझा मुलगा पवन याला. ओसरीत दुकान काढायचे त्याच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. मंदिराला येणारे लोक याच रस्त्याने जातात, पाण्याच्या बाटल्या खपतील. काढावे. फक्त भिंतीवर मी फळ्यासाठी काळा रंगवलेला चौकोन आहे, तो पांढरा करण्याआधी ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यावा. खडूवर रंग धरत नाही.

२. शेत. तीन एकर कोरडवाहू, पवन आणि सून निता यांच्या दोघांच्या नावाने. निताचे नाव मुद्दाम घातले आहे. सोयाबीन रिसोडच्या बाजारात कधी न्यायची हे घरात तिलाच कळते. पवनला भाव पडल्यावर कळते.

३. बँकेत जे काही निघेल ते दोघांचे. त्यातून तेरवी करावी. तेरवीला भाषण नको. कोणी माइक आणलाच तर वीज गेली म्हणून सांगावे. आमच्याकडे ते कोणालाही खरे वाटते.

४. सायकल धनसिंग राठोड याला. हा माझा सोबतचा शिक्षक, विषय गणित. सायकल त्याला दिल्यामुळे तो साक्षीदार म्हणून चालणार नाही असे वकील म्हणाले. धनसिंगला सांगितले तर म्हणतो, “मंग सायकल ठेव तुह्यापाशी, मी सही करतो. तिची चैन तशीबी उतरते.” सायकल त्यालाच. आयुष्यभर एका स्टाफरूममध्ये बसून त्याने कवितेबद्दल मला एकच प्रश्न विचारला: “जगदेवभाऊ, हे सारं ठीक हाये, पण उत्तर काय येते?”

माझी लाकडी पट्टी कोणालाही नाही. ती मी पोरांवर कमी आणि टेबलावर जास्त मारली, ठेका धरायला. कवितेचा तास मी नेहमी शेवटचा मागून घ्यायचो. बाहेर एसटीची वेळ झालेली असायची, पोरांचे दप्तर बांधून तयार, आणि तरी चाल सुरू झाली की सगळा वर्ग हलायला लागायचा, वाऱ्यावर ज्वारी हलते तसा. अंगठ्याने बोटांच्या पेरांवर अक्षरे मोजायची, आठ झाली की थांबायचे, पुन्हा आठ. तो तास आता कोणत्याही वेळापत्रकात नाही. पवनचे म्हणणे, “बाबा, आता पोरायले मोबाईलवर कविता ऐकू येते.” येत असेल. हलत मात्र कोणी नाही.

५. आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते. ‘सरत्यामागची बाई’ या कवितासंग्रहाचे हक्क.

हा संग्रह ज्योत्स्ना खिल्लारे हिचा. रिसोड तालुक्यात माझ्या शाळेत होती. वर्गात पेरांवर न मोजणारी ती एकटीच. मी ओरडायचो, ती बोटे मिटून बसायची. बावीस वर्षांची असताना वही घेऊन आली. मी वाचली, आणि त्या रात्री जेवलो नाही. माझी पत्नी धुरपताबाई, जी आता नाही, तिला वाटले पोट बिघडले. मी म्हटले, पोट नाही, माझी सारी शिकवणी बिघडली.

छपाई मी केली, वाशीमच्या एका छापखान्यात. प्रकाशक म्हणून नाव माझे. छापखानेवाल्याकडे पत्रिका आणि पावतीपुस्तकांचे काम जास्त, कवितेचे पहिलेच. त्याने कुठल्यातरी गाईडवरून उतरवून आत ओळ टाकली: ‘सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन.’ तिने पाहिले नाही, मी पाहिले नाही. आता बावीस वर्षांनी वकील सांगतात की कागदावर हक्क माझा दिसतो, कोर्टात काय होईल ते कोर्ट जाणे.

हे आता निघायचे कारण असे की पुण्याचे एक प्रकाशक ज्योत्स्नाचे तिन्ही संग्रह एकत्र छापत आहेत. आणि पहिल्या संग्रहाची भाषा ती स्वतः ‘दुरुस्त’ करत आहे. दुरुस्त केलेल्या कविता तिने मला पाठवल्या. ‘माय’ची ‘आई’ झाली आहे. माझी सही मिळाली की ते छापायला मोकळे. माझी सही न मिळाली तर ते अडतील. मी मेलो तर पवनची सही लागेल, आणि पवन काय, कुरिअरवाल्याच्या मोबाईलवरही न पाहता बोटाने सही करतो.

६. ज्यांना या संग्रहाची माहिती नाही (म्हणजे सर्वांना) त्यांच्यासाठी थोडे लिहितो. मृत्युपत्रात समीक्षा लिहीत नाहीत असे वकील म्हणाले. मग कुठे लिहू? तीन मासिकांना पाठवली, एकाचेही उत्तर आले नाही.

सरता म्हणजे तिफणीच्या मागे दोरीने बांधलेली पोकळ नळी. तिफण पेरत पुढे जाते आणि बाई मागून त्या नळीत तुरीचे दाणे सोडत चालते. तिफण हाकणाऱ्याचे फोटो निघतात, सरत्यामागच्या बाईचा कोणी काढत नाही. ज्योत्स्नाची माय, पंचफुलाबाई, ही ती बाई. पहिली कविता अशी:

माय सरत्यामागं चालते
तवा ढेकळं बी सरकून जागा देतात
तिच्या मुठीत तुरीचं बी
आन् मुठीबाहेर माह्यं नाव

बस, एवढीच. यात माय थोर आहे असे कुठे म्हटले नाही. घाम नाही, अश्रू नाहीत. मी अनेक वर्षे मुलांना मायेच्या कविता शिकवल्या. त्या सर्व कवितांत माय उभी असते आणि कवी तिच्याकडे पाहत असतो. इथे माय चालत आहे आणि कविता तिच्या मागे धावते आहे. मुठीबाहेर राहिलेल्या नावाचा अर्थ मला पहिल्यांदा कळला नव्हता. शाळेत घालताना त्या माउलीला पोरीच्या नावासाठी सवड नव्हती, तुरीसाठी होती. हे पोरीने तक्रार न करता लिहिले आहे. तक्रार न करता लिहिणे किती अवघड असते, हे मृत्युपत्र वाचून कळेलच.

संपूर्ण संग्रहात ‘जणू’ हा शब्द नाही. कवितेचा शेवट कुठे वाजवून दाखवलेला नाही. बाई बांधावर बसली की कविता थांबते. दोष म्हणाल तर दोनचार कविता फारच लवकर थांबतात, पाणी प्यायच्या आधीच.

७. या पुस्तकाचे लोकांनी काय केले, तेही नोंदवतो.

पवनच्या लग्नात पाहुण्यांना टोपी-दुपट्टा देण्याऐवजी मी हे पुस्तक वाटले. मांडवात जे झाले ते आजही निता हसून सांगते, तेव्हा तिचे वडील हसले नव्हते. तिच्या चुलत्याने पुस्तक उलटेपालटे करून विचारले, “मास्तर, हे काय डोक्स्याले बांधू?” दुसरा म्हणाला, “असू दे बापा, चहाच्या कपाखाली ठेवाले होते.” धुरपताबाईने मागच्या दाराने माणूस पाठवून टोप्या मागवल्या. पुस्तके काही खुर्च्यांवर राहिली, काही आचाऱ्याने नेली. नितासुद्धा सासरी आल्यावर मला म्हणाली होती, “बाबा, पुस्तक चांगलं हाये. पण माह्या मामाले टोपी द्या लागत होती.” ते मी मान्य करतो. मामाला टोपी द्यायला हवी होती.

गावातल्या ग्रंथालयाला दहा प्रती भेट दिल्या. वर्षभराने पाहायला गेलो तर कवितेच्या कपाटात एकही नाही. अध्यक्षांनी शोधून दिल्या. शेतीच्या कपाटात होत्या, सुधारित पेरणी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांजवळ. मी म्हटले, हे कवितेचे पुस्तक आहे. ते म्हणाले, “मास्तर, नाव तर पेरणीचं हाये.” नंतर हळू आवाजात, “तसं बी तिथूनच दोघं नेऊन गेले. कवितेच्या कपाटात कोन हात घालते?” या अध्यक्षांचे नाव माझ्या पहिल्या मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून होते.

८. दुसरा संग्रह, ‘फाट्यावरची सावली’. रिसोडच्या फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या, कॉलेजला जाणाऱ्या पोरींच्या कविता. यात ती हसायला शिकली. जीपवाला, पास संपलेली पोरगी, फाट्यावरचा एकच कडुलिंब आणि त्याखाली सावलीसाठी भांडणारी माणसे. भाषा अर्धी घरची, अर्धी कॉलेजची, आणि ती तशीच असायला हवी, कारण त्या पोरी तशाच अर्ध्या रस्त्यात उभ्या आहेत. प्रश्नचिन्हे जास्त झाली आहेत. मी पत्राने कळवले होते. उत्तर आले: ‘सर, तेव्हा प्रश्नच जास्त होते.’ बरे.

तिसरा संग्रह, ‘अनुपस्थितीचा भूगोल’. यालाच पुरस्कार मिळाला. मुखपृष्ठावर एक खुर्ची आहे, तिच्यावर कोणी बसलेले नाही. आत ‘पोकळी’ हा शब्द इतक्या वेळा आहे की तेवढ्या विहिरी आमच्या तालुक्यात खोदल्या नसतील. मी रागाने वाचला. रागाने वाचताना मधेच ही सापडली:

सातव्या मजल्यावर
कुंडीत तूर उगवली आहे
खाली उतरायला
तिलाही लिफ्टच लागेल

आणि माझी पंचाईत झाली. कविता चांगली आहे. शुद्ध पुस्तकी भाषेत आहे आणि तरी चांगली आहे. मला ती चांगली वाटायला नको होती.

९. आता व्यवस्थापक. माझ्या मनात अट अशी होती: हक्क ज्योत्स्नाला मिळावेत, पण पहिल्या संग्रहातला एकही शब्द बदलू नये, आणि बदलला तर व्यवस्थापकाने हरकत घ्यावी. वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, “सर, शब्द बदलला हे त्या व्यवस्थापकाला कळलं पाहिजे ना? असा कोण आहे तुमच्याकडे?”

घरी येऊन विचार केला. कोण आहे?

पवन नाही. धनसिंग नाही, तो उत्तर विचारील. अध्यक्ष पुस्तकाला पेरणी यंत्रांजवळ ठेवतील. राहिले वाशीमचे एक प्राध्यापक. मराठीचे, नावापुढे डॉक्टर, ज्योत्स्नाच्या कवितेवर व्याख्याने देतात. दुसऱ्या मृत्युपत्रात मी त्यांचेच नाव घातले होते. नाव इथे लिहीत नाही, कारण मृत्युपत्र नोंदवले जाणार आहे.

त्याच सुमारास वाशीमला ज्योत्स्नाचा सत्कार ठरला. मुख्य भाषण या प्राध्यापकांचे. त्यांनी मला फोन केला: “अवचार सर, त्या पहिल्या संग्रहातल्या दोनचार कविता व्हॉट्सॲपवर टाका ना. पुस्तक कुठं मिळत नाही.” मी म्हटले, पुस्तक पाठवतो, ट्रंकेत आहे. म्हणाले, “नको नको, पुस्तक कशाला, टाकून द्या.”

मी टाइप करत बसलो. वरची पहिलीच कविता. आणि ‘ढेकळं बी सरकून जागा देतात’ याच्याखाली मी माझी एक ओळ घातली:

माझ्या मायेची पाऊलं मातीमधे उगवली

परीक्षा म्हणून घातली. ज्याला कळेल तो व्यवस्थापक.

सत्काराला मी पहिल्या रांगेत होतो. ज्योत्स्ना मंचावर, गळ्यात शाल, मांडीवर नारळ. प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, या कवयित्रीच्या समग्र कवितेचा गाभा एका ओळीत सांगायचा तर... आणि ती ओळ म्हटली. माझी. हात वर करून, दोनदा. टाळ्या पडल्या. मी ज्योत्स्नाकडे पाहिले. ती मान खाली घालून नारळाच्या शेंडीशी खेळत होती.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये जसा बसलो होतो तसा वैऱ्यानेही बसू नये. प्राध्यापकाचे मला काही वाटले नाही. पण तिला स्वतःची कविता आठवत नाही? जिच्यासाठी मी हक्क अडवून बसलो, व्याह्यांचा राग ओढवला, ती तिच्या कवितेत दुसऱ्याचे गवत उगवलेले पाहत बसली आणि तिला काहीच कळले नाही? दुसरे मृत्युपत्र मी त्या रात्री फाडले.

१०. दोन दिवसांनी ज्योत्स्ना घरी आली. पंचफुलाबाईंना भेटायला गावी चालली होती, वाटेत उतरली. ओसरीत बसली. निताने चहा दिला. मग तिने पर्समधून कागद काढला.

“सर, सही करा. प्रकाशक घाई करून राह्यला.”

मी म्हटले, “‘माय’ची ‘आई’ कोणी केली?”

“मीच.”

“काहून?”

“पुण्यातल्या पोरी वाचतात, सर. त्यायच्यासाठी पानोपानी खाली अर्थ द्या लागतात. कविता वाचताना खाली पाहा लागलं म्हणजे जेवताना कोनी मागं उभं राहून घास मोजल्यावानी होते.”

“मग त्यांनी विचारावं कोणाला तरी. तू विचारत होतीसच ना वर्गात?”

तिचा आवाज चढला. “तुमी मले बावीस वर्साचीच ठेवून राह्यले, सर. मी चव्वेचाळीसची झाले. माय आता वावरात जात नाई. तिचे गुडघे तुमच्यावानीच गेले. दिवसभर टीव्ही पाहते. अन् तुमच्या ट्रंकेत ती अजून सरत्यामागं चालूनच राह्यली. बसू द्या ना तिले आता.”

उत्तर नसले की मास्तर ओरडतो. मी ओरडलो, “अन् सत्कारात काय झालं? तुह्या कवितेत नसलेली ओळ त्या माणसानं दोनदा म्हटली, तू नारळ कुरवाळत बसली!”

“ती माह्यी नोयती.”

“माहीत होतं तुले?”

“तुमची होती ना. आठ अन् आठ अक्षरं, पेरावर मोजेल. मी कधी मोजले, सर? याच्यावरूनच तर तुमी वर्गात मले उभं ठेवत होते.”

“मग बोलली काहून नाही?”

ती कपातल्या चहाकडे पाहत म्हणाली, “काय बोलू? तुमी समोर बसेल. लोकं टाळ्या वाजवून राह्यले. मी म्हनलं, वाजू द्या. सरायच्या कवितेले पहिल्यांदा टाळ्या पडून राह्यल्या.”

आतल्या खोलीत निता भांडी विसळत होती, ती थांबली.

मला विचारायचे नव्हते, पण विचारले, “कशी वाटली?”

“वाईट, सर,” ती म्हणाली. “लय गोड हाये.”

तिची रिसोडची बस होती. कागद ओसरीतच ठेवून गेली. सहीचा आग्रह पुन्हा केला नाही.

११. सबब, ‘सरत्यामागची बाई’ या संग्रहाचे माझ्याकडे दिसत असलेले सर्व हक्क, कायद्याने ते असोत वा नसोत, मी ज्योत्स्ना खिल्लारे हिला कोणतीही अट न घालता देत आहे. त्या कागदावर आजच सही केली आहे आणि पवन तो उद्या पाठवील. वकील म्हणाले, मग मृत्युपत्रात कशाला? मी म्हटले, पवन पाठवणार आहे म्हणूनच.

तिने ‘माय’ची ‘आई’ करावी. मला ते पसंत नाही, मेल्यावरही पसंत पडणार नाही. पण ती काय बदलते आहे, हे साऱ्या जिल्ह्यात एकट्या तिलाच कळते, असे मला आढळून आले आहे. या कामी दुसरा व्यवस्थापक मिळत नाही. घर, शेत व बाकी किरकोळ बाबींसाठी निता हिला नेमत आहे.

ट्रंकेतल्या उरलेल्या प्रती पंचफुलाबाईंच्या घरी पोचवाव्यात. त्या त्यांचे जे करतील ते त्यांनी करावे. कोणी विचारू नये.

१२. ‘माझ्या मायेची पाऊलं मातीमधे उगवली’ ही ओळ माझी आहे. प्राध्यापकांनी ती पुढे कुठे छापली तर ज्योत्स्नाच्या नावावर चढू देऊ नये. तिचा त्यात काही दोष नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवितांना चाली लावल्या, स्वतःची म्हणावी अशी ही एकच ओळ, आणि ती वाईट आहे हे जाणत्या माणसाकडून ऐकून झाले आहे. ही ओळ मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर येईल.

वरील मजकूर मी शुद्धीत, दिवसाउजेडी, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून त्यावर सही केली आहे.

सही: जगदेव किसन अवचार

साक्षीदार १: राजपाल इंगोले, शेजारी, शिरपूर जैन. (मजकूर पूर्ण ऐकला. मधे एकदा फोन आला होता.)

साक्षीदार २: गोविंदसिंग चव्हाण, निवृत्त ग्रामसेवक, शिरपूर जैन. (मजकूर पूर्ण ऐकला. कलम १२ ची ओळ मला चांगली वाटली, असे नोंदवण्याची विनंती. ज. कि. अवचार यांची हरकत असूनही नोंदवले.)

ठिकाण: शिरपूर जैन
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५